पार्श्वभूमी : चटई मोजली, गच्ची राहिली

पुण्यात पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या सभेत एक प्रश्न हमखास शेवटी येतो. कॉर्पस (बिल्डर सोसायटीला देतो ती रक्कम) ठरतो, भाडं ठरतं, पार्किंगवरून दोन तास वादावादी होते आणि मंडळी चहाला उठायला लागली की कुणीतरी विचारतं, "सोलरचं काय?" उत्तर ठरलेलं असतं, "नियमाप्रमाणे बसवून देतील." हा प्रश्न असा शेपटाला का लागला, ते समजायचं तर गच्चीआधी चटईकडे, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या मापाकडे, बघावं लागतं.

पेठा, वाडे आणि कॅम्पाचा जुना इतिहास इथे बाजूला ठेवू. आजच्या भांडणाचं मूळ १२ जुलै १९६१ नंतरच्या पुण्यात आहे. पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले आणि शहर एकदम टेकड्यांच्या पायथ्याशी सरकलं. सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर ही नावं त्या काळातली. सहकारी सोसायट्यांचे लेआउट पडले, त्यात आतले रस्ते वीस फुटांचे, म्हणजे सहा मीटरचे ठेवले गेले. पुणं तेव्हा सायकलींचं होतं, त्यामुळे दोन सायकली आणि एक टांगा जाईल एवढा रस्ता कुणालाही अरुंद वाटला नाही. हा सहा मीटरचा आकडा लक्षात ठेवा.

१९६६ साली राज्याचा नगररचना कायदा आला आणि त्याच वर्षी शहराचा पहिला विकास आराखडा मंजूर झाला. दुसरा आला १९८७ मध्ये. तिसऱ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे : पालिकेत रखडला, राज्याने काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. तिन्हींच्या नकाशांत शाळा, दवाखाने, बागा, दफनभूमी अशा सगळ्यांना रंग आहेत. छपराला रंग नाही. आराखडा जमिनीचा असतो, हे मान्य. पण एकेका प्लॉटवर काय उभं राहणार हे सांगणाऱ्या नियमावलीतही बांधकाम इंचाइंचाने मोजलं गेलं आणि त्या बांधकामावर पडणारं ऊन फारसं कुणाच्या हिशेबात आलं नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकातली तीन मजली अपार्टमेंट आठवून पाहा. नऊ इंची विटांची भिंत, खोल खिडक्या आणि वर सगळ्यांची मिळून गच्ची. तिथे कुरडया वाळायच्या, कोजागिरीचं दूध आटायचं. नव्वदच्या आसपास त्याच गच्चीवर काळ्या काचेच्या पेट्या दिसू लागल्या. सोलरचं गरम पाणी पुण्याने लवकर उचललं, ते पर्यावरणाच्या प्रेमापोटी नव्हे. गिझरचं बिल परवडत नव्हतं आणि सिलिंडरला नंबर लावावा लागायचा. पुढे भारनियमनाची वर्षं आली. २००६ मध्ये शहराने 'पुणे मॉडेल' काढलं. उद्योगांची स्वतःची जनित्रं वापरून शहराची वीज वाचवायची आणि त्याचा जादा खर्च जास्त युनिट जाळणाऱ्या ग्राहकांनी भरायचा, अशी ती सोय होती. घरच्या विजेचा हिशेब सामान्य पुणेकर तेव्हापासून बारकाईने करू लागला. सौर बंब, गांडूळखत, पाऊसपाणी यासाठी मिळकत करात ५ ते १० टक्के सवलतही सुरू झाली. आमच्या सोसायटीने ती बरीच वर्षं घेतली. त्यातली शेवटची काही वर्षं बोअरच्या पाण्याच्या क्षाराने नळ्या चोंदून पाणी जेमतेम कोमट यायचं, हेही सांगून टाकतो.

आता चटई. एफएसआय म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. घोळ मराठी नावाने घातला. सरकारी कागदात एफएसआय म्हणजे 'चटई क्षेत्र निर्देशांक' आणि कार्पेट एरियासुद्धा 'चटई क्षेत्र'च. पहिली चटई प्लॉटच्या मानाने एकूण बांधकाम किती, ते सांगते. त्यात भिंती, जिने, लिफ्ट, बाल्कन्या काय धरायचं आणि काय सोडायचं हे दर नियमावलीगणिक बदलत गेलं. दुसरी चटई म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतली, पायाखाली येणारी फरशी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने तिची व्याख्या पक्की केली. घरातल्या आडभिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खाजगी टेरेस सोडायचे. त्याआधी बिल्टअप, सुपर बिल्टअप आणि 'सेलेबल' अशा आणखी तीन चटया बाजारात फिरत होत्याच.

याचा परिणाम सभेत दिसतो. आमच्या इथल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी "आपल्याला दोन चटई मिळतेय" हे ऐकलं आणि पाठपोट कागदावर ६२० गुणिले २ करून १२४० चौरस फूट लिहिलं. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. शब्दाने फसवलं. दोन हा आकडा प्लॉटला होता, आणि वाढलेल्या बांधकामातला मोठा वाटा विकून बिल्डर इमारतीचा खर्च काढणार होता. तरी काकांनी पीएमसीवर राग काढला. (पुनर्विकासाच्या सभेत पीएमसी म्हणजे पालिका नव्हे, प्रकल्प सल्लागार. पुण्यात हा दुसरा घोळ.)

पुण्याच्या उपनगरांत वर्षानुवर्षं मूळ चटई एकच्या घरात होती. वाढ आली टीडीआरमधून, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कातून. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीने तो आणला, पुण्यात काही वर्षांनी आला. बाग किंवा रस्त्याच्या आरक्षणात ज्याची जमीन गेली त्याला पैशांऐवजी प्रमाणपत्र द्यायचं, त्याने ते विकायचं आणि घेणाऱ्याने दुसऱ्या प्लॉटवर मजले चढवायचे, असा तो व्यवहार. पालिकेच्या तिजोरीतून पैसा न जाता आरक्षणं ताब्यात येतात, म्हणून तो सगळ्यांना आवडला. मजले कोणत्या गल्लीत चढतात, हे बरीच वर्षं कुणी फारसं विचारलं नाही.

विचारलं गेलं २०१६ मध्ये. राज्याच्या नव्या टीडीआर धोरणाने रस्त्याची रुंदी आणि टीडीआर यांची गाठ मारली आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर बंद केला. नियम म्हणून हे शहाणपणाचंच होतं, कारण सहा मीटरच्या गल्लीत अग्निशमनची गाडी वळत नाही. पण पानशेतनंतरचे लेआउट नेमके याच गल्ल्यांवर होते. पन्नाशीला आलेल्या इमारती, गळक्या गच्च्या, लिफ्ट नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेले सभासद. त्यांचा पुनर्विकास एका ओळीने थांबला.

२०२० च्या जूनमध्ये, लॉकडाउन चालू असताना, पालिकेच्या समितीने तीनशेहून अधिक सहा मीटर रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. पालिका कायद्याच्या कलम २१० खाली रस्त्याची नवी रेषा आखायची, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घ्यायचं, म्हणजे रस्ता कागदावर नऊचा होतो आणि टीडीआरचं दार उघडतं. गदारोळ झाला. ठरावीकच रस्ते का, यात कुणाचे प्लॉट आहेत, झाडांचं काय, पाणी आणि ड्रेनेज तेवढंच राहणार का, असे प्रश्न आले. ते रास्त होते. मात्र विरोध करणाऱ्यांपैकी बरेच जण रुंद रस्त्यावर राहत होते, हेही नोंदवायला हवं. गळक्या गच्चीखाली राहणाऱ्याला 'पुण्याचा निवांतपणा' हे कारण पटत नाही.

त्याच वर्षी २ डिसेंबरला राज्यभराची एकात्मिक नियमावली आली आणि चटईचा जिना रस्त्याच्या रुंदीप्रमाणे बांधला गेला. नऊ मीटरखालच्या रस्त्याला फक्त मूळ १.१०. नऊ ते बारा मीटरला प्रीमियम (सरकारला पैसे भरून घेतलेली जादा चटई) आणि टीडीआर धरून २.००. तीस मीटर आणि पुढे ३.००. त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्के अनुषंगिक चटई, पैसे भरून. मेट्रो स्टेशनच्या आसपास आकडे आणखी वर जातात. सहा आणि नऊ यांतल्या तीन मीटरची किंमत आता कुणीही काढू शकत होतं. सहकार खात्याच्या जुलै २०१९ च्या सुधारित निर्देशांनी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी केलीच होती. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि टेंडरं निघू लागली. गल्ल्यांमधून फिरलं की परिणाम दिसतो. नव्या इमारतीसमोर रस्ता रुंद, शेजारच्या जुन्या कंपाउंडपाशी पुन्हा चिंचोळा. दात पडलेल्या कंगव्यासारखा.

या सगळ्यात गच्चीचं काय झालं, त्याचा ढोबळ हिशेब असा. दहा गुंठ्यांचा, म्हणजे हजार चौरस मीटरच्या आसपासचा प्लॉट घ्या. जुन्या इमारतीत तीन मजले, पंधरा घरं, गच्ची ३३० चौरस मीटर. एका घराच्या वाट्याला २२. आता नऊ मीटरचा रस्ता, चटई दोन, वर ६० टक्के, म्हणजे ३,२०० चौरस मीटर बांधकाम. इमारतीने जमिनीवर व्यापलेली जागा तेवढीच ठेवली तर पार्किंगवर दहा मजले आणि समजा चाळीस घरं. गच्ची तीच ३३०. वाटा आठ चौरस मीटर, तोही पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि अग्निशमनाची टाकी वजा न करता. एका किलोवॉटच्या पॅनेलला साधारण दहा चौरस मीटर लागतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची सूर्यघर योजना आली तेव्हा तिचे आकडे स्वतंत्र घर डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले दिसतात. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तीन आणि पुढे एकूण ७८,०००. वर उल्लेखलेल्या इमारतीत तीन किलोवॉटची जागा चार घरांना मिळून होते. सोसायट्यांसाठी वेगळा दर आहे : लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,०००. पुण्यातल्या सोसायट्या याच वाटेने जातात आणि मेंटेनन्स कमी झाल्याचं सांगतात. पण स्वतःच्या फ्लॅटचं बिल शून्य होईल अशा आशेने फॉर्म भरणाऱ्याचा पुन्हा काकांसारखा गुणाकार चुकतो.

नेट मीटरचाही (पॅनेलची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करण्याची सोय) इतिहास सरळ नाही. राज्यात त्याचे नियम २०१५ मध्ये झाले. २०१९ च्या मसुद्यात त्याला कात्री लागणार होती, हरकतींचा पाऊस पडला आणि ती टळली. २०२५ च्या दरसुनावणीत दिवसा तयार झालेलं युनिट रात्रीच्या वापरातून वजा करू द्यायचं का, हा वाद पुन्हा निघाला. वीस-पंचवीस वर्षं चालणारी वस्तू विकत घ्यायची आणि तिचा हिशेब दर चार-पाच वर्षांनी उघडा पडायचा, यात सभासद कचरला तर त्याला नावं ठेवता येत नाहीत.

भिंतींबद्दल तर बोलणंच होत नाही. विटांच्या जागी ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या पातळ काँक्रीट भिंती आल्या, बोलीत 'मिव्हान'. काम झपाट्याने होतं, पण एप्रिलमध्ये पश्चिमेची खोली रात्री अकरापर्यंत तापलेली राहते आणि एसी लागतोच. घरांच्या बाह्यांगातून किती उष्णता आत यावी याची केंद्राची संहिता डिसेंबर २०१८ पासून आहे, मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट. २०२२ च्या कायदा दुरुस्तीने निवासी इमारतींना ऊर्जा नियम लावायची वाटही मोकळी केली. आजवर पाहिलेल्या कुठल्याही टेंडरमध्ये मला हा आकडा भेटलेला नाही. व्हिडिओ डोअर फोन मात्र ब्रँडसकट असतो.

आमच्या जुन्या गच्चीवरच्या पेट्या गेल्या उन्हाळ्यात उतरवल्या. भंगारवाल्याने काच तिथेच फोडली, आतला तांब्याचा पत्रा वेगळा वजन केला आणि त्याचेच काय ते पैसे आले. नव्या नकाशात गच्चीवर 'सोलर' असा एक छोटा चौकोन आहे. तो पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला आहे, म्हणजे हिवाळाभर टाकीच्याच सावलीत. तसं पत्र समितीने आर्किटेक्टला दिलं आहे.