कांस्य मऊ असतं, असं कोण म्हणालं?

‘कांस्य मऊ, लोखंड कठीण, म्हणून लोखंड जिंकलं.’ शाळेच्या इतिहासातून डोक्यात पक्कं बसलेलं हे समीकरण. पण ग्रीक सैनिकांकडे लोखंडी तलवारी आणि भाल्याची लोखंडी पाती आल्यावरही ते शिरस्त्राण मात्र कांस्याचंच घालत. मॅरेथॉनच्या लढाईचा (इ.स.पू. 490) सेनानी मिल्टिअडीस याने झ्यूसला वाहिलेलं शिरस्त्राण ऑलिंपियाच्या संग्रहालयात आहे. कडेवर त्याचं नाव कोरलेलं दिसतं.

हा कोरिंथियन प्रकार. कवटी, गाल आणि नाकावरची पट्टी, सगळं एकसंध. कुठे सांधा नाही, की वार बसल्यावर तो उघडेल.

आता माझा आवडता भाग. या कांस्यात साधारण नऊ भाग तांबं, एक भाग कथील. धातूचे अणू रांगांनी रचलेले असतात, पण मधूनमधून एखादी रांग अर्ध्यावरच तुटते. पत्रा वाकतो तो हे दोष सरकतात म्हणून. कथिलाचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा मोठा, त्यामुळे आजूबाजूच्या रांगा ताणल्या जातात आणि दोष अडखळतात. त्यात हातोडा पडला की नवे दोष जन्मतात, एकमेकांत गुंततात. कुणालाच हलता येत नाही. पत्रा कडक होतो. आणखी ठोकला तर तडकतो. म्हणून मध्येच भट्टीत तापवायचा. अणू नव्याने नीट स्फटिक रचतात, पत्रा मऊ पडतो, पुन्हा ठोका. शेवटची ठोकणी थंड पत्र्यावर, आणि त्यानंतर भट्टी दाखवायची नाही. विकर्स मापाने (धातूचा कठीणपणा मोजायची पट्टी, आकडा मोठा तितका धातू कठीण) मऊ कांस्य 100च्या आसपास असतं, ठोकलेलं 200च्या पुढे जातं. त्या काळचं साधं घडीव लोखंड पुन्हा 100च्याच घरात! पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर मठारकाम होतं त्यामागेही हेच. ते ठोके नुसते शोभेचे नसतात.

‘तांबं पोलादासारखं करण्याची प्राचीन विद्या लुप्त झाली’ असे मेसेज येतात, ते खुशाल डिलीट करा. पोलादासारखं लाल करून पाण्यात बुडवलं तर असं कांस्य उलट मऊच राहतं.

शिवाय लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. ग्रीक भट्ट्यांना ते झेपत नव्हतं. हाती यायचा तो मळीने भरलेला सच्छिद्र गोळा. त्यातून एवढं खोल भांडं एकसंध काढणं महाकठीण. कांस्य हजार अंशांच्या आसपासच ओतता येई.

कारागीर नाकाची पट्टी जाड ठेवत, बाकी पत्रा पातळ. कानांना मात्र भोकं नव्हती, त्यामुळे हुकूम ऐकू येणं अवघडच. पुढच्या काल्किडियन प्रकारात कानांपाशी पत्रा कापून ही सोय केली गेली.