स्वस्त छर्रे घ्यावेत का? १० मीटर एअर रायफल शिकणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

मुलाला नेमबाजीच्या वर्गाला घातलं की महिन्याभरात पालक आमच्याकडे येतात, छर्ऱ्यांचे दोन डबे हातात धरून विचारतात, "महागाचा घेतला तर स्कोअर वाढेल का हो?" पहिल्या वर्षात बहुतेकांचा वाढत नाही. पण स्वस्त डब्याची एक खोड आहे, ती समजून घेऊन मगच तो घ्यावा.

(स्वप्नील कुसाळे यांचं नाव घेऊन बरेच जण चौकशी करतात. त्यांचं २०२४ मधलं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य ५० मीटरचं, पॉइंट टू-टू काडतुसांचं. इथे बोलतोय ते ४.५ मिमीच्या शिशाच्या छर्ऱ्यांबद्दल.)

हिशेब असा

१० मीटरच्या टार्गेटवरचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड त्याला नुसती शिवली तरी दहा. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र अडीच मिलिमीटर हललं तरी १०.० मिळतात. मात्र तिथून मध्याकडे दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो. एक मिलिमीटर चुकलात तर १०.६, आणि १०.९ साठी केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत.

आता समजा, मुलाचा स्वतःचा ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या शॉटचा पसारा, २० मिमीचा आहे आणि स्वस्त छर्ऱ्याचा ६ मिमीचा. दोन्ही मिळून २६ होत नाहीत. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की जेमतेम २१ येतात. छर्रा बदलून तो एक मिलिमीटर वाचेल, पण हात स्थिर झाला तर दहा वाचतील. तेच मूल पुढे ८ मिमीवर आलं की त्याच छर्ऱ्याने ग्रुप १० होतो. पैसे तेव्हा खर्च करा.

खोड कुठे आहे

गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी आईबरोबर आली. कार्डावर नऊ आणि दहाचे छान शॉट, आणि मधेच एक ७.४. त्या एका शॉटपायी तिने साइटचे, म्हणजे नेम सरकवायच्या चकतीचे, क्लिक दोनदा फिरवले होते आणि पुढचे सगळे शॉट एका बाजूला गेले होते. डबा मागितला, पांढऱ्या ताटलीत ओतला आणि भिंगाखाली धरला. दप्तरात हिंदकळून बऱ्याच छर्ऱ्यांचा मागचा घेर चेपला होता. एकाला तर घडीच पडली होती.

छर्रा डमरूसारखा असतो. पुढे चपटं डोकं, मधे कंबर, मागे पोकळ घेर. हवेच्या दाबाने हा पातळ घेर फुलून नळीला घट्ट बसतो. घेर वाकडा असेल तर नळीच्या तोंडाशी हवा एका बाजूने आधी निसटते आणि छर्ऱ्याला तिरका धक्का बसतो. स्वस्त डब्यात असे छर्रे आधीपासूनच जास्त निघतात. सरासरी वाईट नसते, पण मधेच एखादा भरकटतो, आणि शिकणारं मूल ती चूक स्वतःची समजून बरोबर असलेलं काहीतरी बदलायला जातं. आम्हाला खरी काळजी याची वाटते.

म्हणून शॉट सुटल्याबरोबर, मॉनिटरकडे बघायच्या आधी, तो कुठे गेला असेल ते मुलाला मोठ्याने सांगायला लावा. "उजवीकडे नऊ" म्हटलं आणि डावीकडे सात निघाला, तर तो शॉट वहीत वेगळा लिहा. क्लिकला हात लावू नका.

निवडून वापरा

स्वस्त डबा ताटलीत ओता, घेर वाकडा दिसेल तो बाजूला काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, मधेच भरकटणारे शॉट कमी होतात. नाजूक काट्यावर एकेक छर्रा तोलत बसणारेही आहेत. आमच्या मते आधी घेर बघावा, वजन नंतर. हे करताना खाणंपिणं नको आणि नंतर हात साबणाने धुवा, शिसं आहे ते. टोकदार किंवा गोल डोक्याचे छर्रे कागदी टार्गेटसाठी घेऊ नका. चपटं डोकं कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतं, बाकीचे कागद फाडतात आणि गुण मोजताना वाद होतात. पोलादी गोळ्या तर नळीत कधीच घालू नका, आतल्या आट्या खराब होतात.

मॅचचे छर्रे घेताना

नुसतं कंपनीचं नाव बघून घेऊ नका. डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असं डब्यावर लिहिलेलं असतं. मित्राच्या रायफलला जे चाललं ते तुमच्या नळीला चालेलच असं नाही. त्याच मापाचा दुसरा लॉटसुद्धा (कारखान्यात एका वेळी बनलेली खेप) वेगळा वागतो. प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे निदान चार ग्रुप, रायफल शिकंज्यात बसवून मारा. पाच शॉटचा एकच सुंदर ग्रुप बघून डबे उचलू नका, तो नशिबानेही येतो. जो लॉट जमला त्याचे परवडतील तेवढे डबे एकदम घ्या आणि लॉट क्रमांक वहीत उतरवून ठेवा. पुन्हा याल तेव्हा ती वही बरोबर आणा.