गुबगुबीत गाल म्हणजे सुदृढ बाळ?

‘गाल भरलेले, पोट पुढे आलेलं, म्हणजे बाळ धष्टपुष्ट’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. पण तीव्र कुपोषणाच्या एका प्रकारात अंगात पाणी साठून पाय, चेहरा सुजतो आणि ती सूजच बाळसं वाटते. वजनकाटाही फसतो, कारण तो पाणीही मोजतो. यात आईचा दोष शोधू नका; वारंवारच्या जुलाबांनी, गोवरानंही खाल्लेलं अंगी लागत नाही.

घरी पाहायचं तर दोन्ही पावलांवर अंगठा 3 सेकंद दाबून उचला. खड्डा तसाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशी सूज इतर आजारांतही येते. सूज नसली तरी दंड मोजा. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाच्या दंडाचा मधला घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण.