पाळी वेळेवर येते, मग अडचण कुठे?

"पाळी महिन्याच्या महिन्याला येते ना, मग मूल राहायला काहीच अडचण नाही," असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय.

पाळी नियमित असेल तर बहुधा दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडतं. त्यातून एवढंच कळतं. पुढे बीज आणि शुक्राणूची गाठ गर्भनलिकेत पडते, आणि गर्भाशयाजवळ ही नळी आतून जेमतेम मिलिमीटरभर असते. जुना जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) किंवा आपल्याकडे अजूनही आढळणारा जननेंद्रियांचा क्षयरोग यांनी ती चिकटून बंद होऊ शकते. पाळी चुकत नाही, अनेकदा दुखतही नाही. बाईला पत्ताच लागत नाही.

तपासायचं कसं? पाळी थांबल्यावर, बीज फुटण्याआधी एचएसजी नावाचा एक्स-रे काढतात. गर्भाशयात सोडलेलं, एक्स-रेत दिसणारं औषध दोन्ही नळ्यांच्या टोकांतून पोटात सांडताना दिसलं, तर नळ्या मोकळ्या. कधी कळ येऊन नळी आवळते आणि उगाच बंद दिसते, म्हणून एका एक्स-रेवर खचू नका.

त्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी हवीच. ती साधी आहे. ती टाळून बाईलाच तपासत राहणं मला अन्यायाचं वाटतं. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. बाईची पस्तिशी उलटली असेल, तर सहा महिन्यांतच.