बरणीतल्या हृदयाचा रंग

‘औषधात बुडवून ठेवलं की काहीही सडत नाही’ असा समज वैद्यकीय संग्रहालय पाहणाऱ्यांमध्ये हमखास आढळतो. लोणच्याची बरणी सगळ्यांच्या ओळखीची असल्यामुळे तो स्वाभाविकही आहे. पण लोणच्यात मीठ पाणी धरून ठेवतं आणि जंतूंना वाढू देत नाही. काचेतल्या हृदयाच्या प्रथिनांची मात्र वीणच बदललेली असते.

मुंबईत हे पाहायचं तर भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज (१८४५) आणि परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज (१९२६) ही जुनी ठिकाणं. विकृतिशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र विभागांचे हे संग्रह विद्यार्थ्यांसाठी आहेत, त्यामुळे विभागप्रमुखांना आधी लेखी अर्ज करावा.

बरण्यांतलं हे ‘औषध’ म्हणजे फॉर्मॅलिन, फॉर्मल्डिहाइड वायूचं पाण्यातलं सुमारे ३७ ते ४० टक्के द्रावण. १८९३ साली जर्मन डॉक्टर फर्डिनांड ब्लुम यांच्या लक्षात आलं की त्यानं ऊती घट्ट होतात. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, की झालं ‘१० टक्के फॉर्मॅलिन’. त्यात फॉर्मल्डिहाइड खरं तर चारच टक्के! हा रेणू प्रथिनाच्या साखळीतल्या लायसिन या घटकाच्या अमिनो गटाला चिकटतो, मग शेजारच्या साखळीतला दुसरा गट धरतो. दोन साखळ्यांमध्ये एका कार्बनचा पूल तयार होतो. मेलेली पेशी एरवी स्वतःच्याच विकरांनी (एन्झाइम्सनी) पचू लागते. या जाळ्यात विकरंही जखडली जातात आणि पचन थांबतं.

अडचण वेगाची आहे. द्रावण सुरुवातीला तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं आणि पुढे मंदावतं, कारण अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. दीड किलोचं यकृत अखंड बुडवलं तर बाहेरून रबरासारखं होतं आणि आत सडतं. म्हणून त्याचे काप करतात किंवा रक्तवाहिनीतून द्रावण आत सोडतात. द्रावण नमुन्याच्या किमान दहापट लागतं. मेंदू भांड्याच्या तळाशी टेकला तर चपटा होतो, म्हणून त्याच्या बुडाकडच्या रोहिणीखालून दोरा घालून तो दोनेक आठवडे उलटा टांगतात.

फॉर्मॅलिनमध्ये रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि सगळं करडं-तपकिरी होतं. यावर जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कायझरलिंग यांची तीन टप्प्यांची रीत आहे. आधी पोटॅशियमचे क्षार घातलेलं फॉर्मॅलिन, मग ८० टक्के अल्कोहोल, शेवटी ग्लिसरीन आणि पोटॅशियम ॲसिटेटचं द्रावण. अल्कोहोलमध्ये लाली परत येते, पण तिथे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. नमुना जास्त वेळ राहिला तर आलेला रंग कायमचा जातो. झाकणाची फट राहिली तर पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतली ओल शोषतं, द्रावण पातळ होतं आणि बुरशी धरते. ती धरू नये म्हणून थायमॉल या बुरशीरोधकाचे खडे टाकतात. आता बरण्यांकडे बघा. पिवळं पडलेलं पाणी म्हणजे द्रावण बदलायची वेळ झाली. जुन्या फॉर्मॅलिनच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ते पॅराफॉर्मल्डिहाइड. थंडीत रेणू एकमेकांना जोडले जाऊन साकळतात.

जन्मजात दोष असलेल्या अर्भकांच्या बरण्यांपुढे ‘ग्रहणात आईनं सुरी धरली असेल’ ही कुजबुज होते. ती साफ खोटी आहे आणि त्या आईवर अन्याय करणारी आहे. वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, नाकाकडून आणि गालाकडून येणारे उंचवटे जुळून बनतो. ते जुळले नाहीत तर ओठ दुभंगतो. अनेकींना तोवर दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं.

फुप्फुसांचा कप्पा चुकवू नका. शहरात जन्म काढलेल्या माणसाच्या फुप्फुसावर काजळीचे काळे ठिपके असतात आणि ते कुठल्याही द्रावणात धुतले जात नाहीत. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नयेत. ती कुणाची तरी शरीरं आहेत.