ब्राउझरमधील मेमरी-त्रुटी आणि तिच्यापासून संरक्षण

संगणकाची मेमरी हाताळताना ब्राउझरकडून होणाऱ्या, आणि त्यामुळे परक्या माणसाला त्या संगणकावर स्वतःचे आदेश चालवण्याची वाट मोकळी करून देणाऱ्या चुकीस मेमरी-त्रुटी म्हणतात. क्रोम, एज, फायरफॉक्स या ब्राउझरांचा बराच मोठा भाग सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला आहे. या भाषेत मेमरीतली जागा कधी घ्यायची आणि कधी सोडायची, याचा हिशेब पुष्कळसा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावरच असतो आणि लक्षावधी ओळींच्या कामात तो कोठेतरी चुकतो. क्रोम ज्याच्या आधारावर बनतो, त्या क्रोमियम प्रकल्पाने २०१५ पासूनच्या ९१२ गंभीर त्रुटी तपासून २०२० मध्ये जाहीर केले, की त्यांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या एकाच जातीच्या होत्या.

त्या जातीला ‘यूज आफ्टर फ्री’, म्हणजे सोडून दिलेल्या जागेचा पुन्हा वापर, असे म्हणतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीचे उदाहरण घेतले तर ती लवकर उमगते. एका व्यापाऱ्याने गाळा रिकामा केला आणि वखारीच्या वहीत तशी नोंदही झाली, पण मुनिमाच्या खिशात त्या गाळ्याच्या क्रमांकाची जुनी चिठ्ठी राहून गेली. मधल्या वेळात तिथे भलत्यानेच आपला माल भरला. मुनीम चिठ्ठीप्रमाणे गाळ्यावर जातो आणि समोर दिसेल तो माल आपल्याच शेठचा समजून गाडीत चढवतो. ब्राउझरमध्येही पानावरचा एखादा घटक काढून टाकला जातो, त्याची जागा मोकळी होते, पण प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाकडे तिचा पत्ता शिल्लक राहतो. हल्लेखोर आपल्या पानावरील जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पानातच चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, साहाय्याने नेमक्या त्याच जागी स्वतःची माहिती बसवतो, आणि ब्राउझर ती आपलीच मानून तिच्या सांगण्याप्रमाणे वागतो.

दुसऱ्या जातीत नेमून दिलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती लिहिली जाते आणि ती शेजारच्या जागेत सांडते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या ‘लिबवेबपी’ या सामायिक प्रोग्रॅमसंचात अशी त्रुटी उघड झाली. तो संच क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही वापरत असल्याने दोघांनाही तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. येथे फसण्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही की कोणती फाइल उतरवावी लागत नाही. मुद्दाम बिघडवलेले चित्र असलेले पान उघडणेही पुरेसे ठरू शकते. म्हणूनच ‘अनोळखी लिंक दाबू नका’ हा उपदेश योग्य असला, तरी या बाबतीत तो फार अपुरा आहे.

निर्मात्यांकडून होणारे संरक्षण थरांचे असते. २००८ मध्ये क्रोम आला तोच पाने वेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या प्रक्रियेत (‘प्रोसेस’, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कोंडण्याची सोय घेऊन. त्यामुळे पूर्ण संगणक हाती येण्यासाठी हल्लेखोराला बहुधा दुसरीही त्रुटी शोधावी लागते. २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये पानांची मांडणी-शैली ठरवणारा भाग रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला होता. ही भाषा अशा बहुतेक चुका प्रोग्रॅम तयार होतानाच अडवते. क्रोमने २०२२ मध्ये आणलेली ‘मिरॅकलपॉइंटर’ ही योजना वखारीच्या भाषेत सांगायची तर, जुनी चिठ्ठी कोणाकडे बाकी आहे तोवर गाळा दुसऱ्याला देतच नाही.

वापरणाऱ्याच्या हाती उरते ते अपडेट, आणि सीमाभागात नेमके तेच अडते. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील ऑनलाइन कामांच्या दुकानांत कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरचा उतारा, त्याच सरकारच्या ‘सेवा सिंधू’ या सेवांच्या संकेतस्थळावरचे अर्ज आणि सीमेपलीकडे शिकायला जाणाऱ्या मुलांचे महाराष्ट्रातील प्रवेश अर्ज एकाच ब्राउझरमध्ये शेजारी शेजारी उघडे असतात. उतारा कन्नडमध्ये निघतो. ज्या मराठी शेतकऱ्याला कन्नड वाचता येत नाही, तो साहजिकच दुकानदाराच्या भरवशावर राहतो. परिणामी गावभराची आधारपत्रे आणि पासबुकांच्या प्रती एका संगणकात साठतात. तो संगणक रात्री स्लीपवर जातो आणि सकाळी उघड्या टॅबांसह जागा होतो. दुरुस्ती आपोआप उतरलेली असते, परंतु ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय मेमरीत जुनाच, सदोष प्रोग्रॅम चालत राहतो. कोपऱ्यातली अपडेटची सूचना इंग्रजीत असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते, असे म्हणावे तर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मराठीत वापरता येतात; सेटिंगमधून भाषा बदलली, की ती सूचना सर्वांना वाचता येते.

ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर नेहमीचे टॅब बहुधा परत येतात, मात्र अर्धवट भरलेला अर्ज पुसला जाण्याची शक्यता असते आणि इनकॉग्निटो, म्हणजे इतिहास न साठवणाऱ्या, खिडक्या परत येत नाहीत. त्यामुळे सकाळी पहिले गिऱ्हाईक येण्याआधीची वेळ सर्वांत सोयीची. क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून मदत विभागातील क्रोमविषयीचे पान उघडले, की आवृत्ती तपासली जाते आणि ‘पुन्हा सुरू करा’ असे बटण दिसल्यास दुरुस्ती अजून लागू व्हायची आहे हे कळते. विंडोज ७ वर मात्र क्रोमची १०९ ही अखेरची आवृत्ती आहे, आणि तिथे कितीही वेळा बंद-सुरू केले तरी नवी दुरुस्ती येत नाही. असे जुने यंत्र टायपिंग आणि प्रिंटपुरते ठेवून बँक, आधार व लॉगिनची कामे दुसऱ्या संगणकावर न्यावीत.