कानाला पापणी नसते

आमचे बडोद्याच्या दांडिया बाजारातले काका तिथल्या फाइन आर्ट्स कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन चुकवत नाहीत. चित्र कळलं नाही तरी त्यांचं काही अडत नाही. हात मागे बांधून उभे राहतात, मान तिरकी करतात, ‘रंग बरे आहेत’ म्हणतात आणि पुढे सरकतात. त्याच काकांना मी एकदा शोनबर्ग या ऑस्ट्रियन आधुनिक संगीतकाराची पियानोरचना ऐकवली. दोन मिनिटांत म्हणाले, ‘बंद कर रे ते. डोकं उठलं.’

आता बडोद्याच्या माणसाला आधुनिक कलेचं वावडं आहे, असं कोण म्हणेल? इंदूरचे बेंद्रे इथे 1950 पासून चित्रकला शिकवत होते. 1972 पासून शिकवणाऱ्या नसरीन मोहमदींची चित्रं म्हणजे तर नुसत्या बारीक रेघा. तेही शहराला पचलं. मग अनोळखी चित्र चालतं आणि अनोळखी संगीत चालत नाही, हे घोडं अडतं कुठे?

पहिली गोष्ट वेळेची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रासमोर थांबण्याचा मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, निघाला अवघा 17 सेकंद! नाही आवडलं तर पाय आहेतच. संगीतात मात्र घड्याळ रचनाकाराच्या हातात, आणि कानाला पापणी नसते.

दुसरं म्हणजे, मेंदू पुढच्या सुराचा अंदाज बांधत ऐकतो. 2011 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांना दिसलं की आवडती जागा येण्याआधीच, नुसत्या चाहुलीने, मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन पाझरू लागतं. शोनबर्गने 1920 च्या दशकात बाराही सुरांना सारखा मान दिला. म्हणजे षड्जच, आधाराचा सा, गेला. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला परतायला घरच उरलं नाही, तर चाहूल कसली घेणार?

आणि तिसरी गोष्ट थेट कानातली. दोन मोबाइलवर सूर वाजवणारं ॲप घ्या. एकावर 440 हर्ट्झ, दुसऱ्यावर 441. सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. दुसरा 470 वर न्या. आता सेकंदाला 30 हेलकावे. ते मोजता येत नाहीत, नुसती खरखर जाणवते. कानातल्या शंखात प्रत्येक सूर एका पडद्याचा ठरावीक भाग हलवतो. दोन सूर जवळचे असले की हे भाग एकमेकांवर येतात आणि सूर वेगळे काढता येत नाहीत. 600 वर गेलात की खरखर गायब.

पण सगळा दोष खरखरीवर ढकलता येत नाही. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांवरचा अभ्यास 2016 मध्ये आला. खरखर त्यांनाही नकोशी वाटली. मात्र आपल्याला कर्कश वाटणारे स्वरमेळ त्यांना सुरेल मेळांइतकेच गोड लागले. म्हणजे बरंचसं वळणच. वारंवार समोर येणारी गोष्ट आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ झायोंकने 1968 मध्येच दाखवलं होतं. अमूर्त चित्र बँकेच्या भिंतीवर, चादरीवर, कॅलेंडरवर येता-जाता दिसतं. प्रायोगिक संगीत कोणता दुकानदार लावेल? आपल्याकडे ते आलंच नाही असंही नाही. 1969 मध्ये शेजारच्या अहमदाबादेत, एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत, मूग सिंथेसायझर हे विजेवर सूर घडवणारं वाद्य आलं होतं.

मोबाइलचा प्रयोग काकांवरही केला. 470 ला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. 441 ला मात्र सावरून बसले, डोळे मिटले. म्हणाले, ‘तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लागल्या नाहीयेत. मणी सरकव जरा.’